अंकीड्रॉइड आणि ५७० शब्दांची अकॅडमिक यादी: आयल्ट्सच्या व्होकॅबसाठी वापरलं, जसं आहे तसं सांगते

आयल्ट्स म्हणजे परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाताना लागणारी इंग्लिशची परीक्षा, आणि अंकीड्रॉइड म्हणजे पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं दाखवून पाठ करून घेणारं मोबाईल ॲप. पहिले हेच सांगून टाकते की हे ॲप दिसायला एकदम कळकट आहे. उघडल्यावर एक पांढरी स्क्रीन, त्यावर डेकचं, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याचं, नाव आणि तीन रंगांचे तीन आकडे, बस. शाब्बास म्हणणारा पक्षी नाही, मेडल नाही, काही नाही. शिरपूरच्या आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरींनी दोन दिवसांत उडवून टाकलं आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण फुकट आहे, जाहिरात नाही, आणि नेट नसलं तरी चालतं, म्हणून मी ठेवलं. शिरपूर-धुळे एसटीत तापीचा पूल गेला की माझ्या मोबाईलची रेंज कधी असते कधी नसते, तिथे हे एकच ॲप नीट चालायचं. मे महिन्यात दुपारी लाईट गेल्यावर वायफाय पण जातं, तेव्हाही चालायचं.

आता यादीबद्दल, कारण खरा माल तिथे आहे, ॲप म्हणजे नुसता डबा. अकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणतात तिला. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली छापली. आर्ट्स, कॉमर्स, लॉ आणि सायन्स या चारही बाजूंचा मिळून जवळपास ३५ लाख शब्दांचा अभ्यासाचा मजकूर घेतला आणि सगळीकडे परत परत येणारे शब्द वेगळे काढले. अशा ५७० वर्ड फॅमिली (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं) निघाल्या, त्यांचे दहा भाग केलेत, पहिल्या नऊ भागांत ६०-६० आणि शेवटच्यात ३०. पहिल्या भागात सगळ्यात जास्त येणारे, मग उतरत्या क्रमाने. कॉलेज लेव्हलच्या मजकुरात साधारण १० टक्के शब्द या यादीतले असतात आणि कथा-कादंबऱ्यांत दीड टक्कासुद्धा नाही. म्हणजे इंग्लिश नॉव्हेल वाच गं, आपोआप येईल, असं जे घरातला प्रत्येक मामा-काका सांगतो ते या परीक्षेपुरतं अर्धंच कामाचं.

मी बी.फार्म केलेलं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन भागांतले मेथड, फॉर्म्युला, डिराइव्ह, फॅक्टर वगैरे शब्द पुस्तकात रोजचेच. अडकायला झालं ते कायदा आणि इकॉनॉमीवाल्या बाजूला, लेजिस्लेट, लेव्ही, आणि शेवटच्या भागातले ते व्हेअरबाय, ऑल्बीइट, नॉटविथस्टँडिंग. कॉमर्सवाल्यांचं बरोबर उलटं होईल. म्हणून सरळ एकपासून सुरू करण्यापेक्षा आधी पूर्ण यादी एकदा वाचून जे येतं त्यावर काट मारा, निम्मा वैताग तिथेच संपतो.

यादीत गंमत पण आहे. तिच्यातून रोजचे २००० शब्द आधीच वगळलेत, पण ते वगळायला जी यादी वापरली ती १९५३ ची. त्या काळात कॉम्प्युटर कोणाच्या बोलण्यात होता? त्यामुळे कॉम्प्युटर, जॉब, टेप असले आपल्या पाचवीच्या पोराला येणारे शब्द चक्क अकॅडमिक म्हणून बसलेत. नंतर २०१३ आणि २०१४ मध्ये नव्या याद्या पण आल्यात, पण त्या मोठ्या आहेत, २०१४ ची तर ३००० शब्दांची. परीक्षा तोंडावर असताना एवढं कोण करतं, ५७० मध्ये निदान शेवट दिसतो.

आता तयार डेक. नेटवर ढीगभर पडलेत, डाउनलोड करून मोकळं व्हावं असं वाटतं आणि तिथेच वेळ वाया जातो. पुढे शब्द, मागे डिक्शनरीतला अर्थ, तोही इंग्लिशमध्ये, तो समजायला अजून दोन शब्द शोधा. असली कार्डं घोकून शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. मी माझी कार्डं स्वतः केली. उदाहरण सांगते, असेस या शब्दाचं कार्ड. पुढच्या बाजूला वाक्य, डॉक्टर्स मस्ट डॅश द रिस्क बिफोर चेंजिंग द डोस, आणि डॅशच्या जागी फक्त पहिलं अक्षर दिलेलं. मागे शब्द, त्याखाली तो कोणाकोणासोबत येतो ते, असेस द रिस्क, असेस द डॅमेज, असेस द इम्पॅक्ट, आणि शेवटी नाउन असेसमेंट. शिवाय उत्तर टाईप करायची सोय असते ती चालू ठेवली, कारण या शब्दात चार एस आहेत आणि तीनच टाकले की चूक लगेच दिसते. हे फार कामाचं आहे बरं का, लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की उत्तर माहीत असून मार्क जातो. अकोमोडेशनमध्ये दोन सी दोन एम हे मला टाईप करूनच बसलं, वाचून कधीच बसलं नसतं.

चालतं कसं ते थोडक्यात. कार्ड बघितलं की खाली चार बटणं, अगेन, हार्ड, गुड, ईझी. आलं तर गुड दाबायचं, मग तो शब्द आधी लवकर, मग काही दिवसांनी, मग महिना-दोन महिन्यांनी परत येतो. नाही आलं की अगेन, लगेच परत समोर. यात जादू काही नाही, माणूस कसा विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून छापलेलं. लबाडी मात्र करू नका, अर्धवट आठवलं तरी ईझी दाबलं तर ॲपला काय कळणार, ते बिचारं शब्द लांब ढकलून देतं.

आणि खरी तक्रार इथे आहे. सुरुवातीला रोज २० नवीन कार्डं असं सेटिंग असतं. पहिल्या आठवड्यात मजा येते, नंतर जुनी रिव्हिजन साचत जाते आणि मग कितीही करा संपतच नाही. त्यात अमळनेरला चुलत बहिणीचं लग्न निघालं, हळद, मांडव, पाहुणे, मोबाईल हातात घ्यायला कोणाला वेळ, परत येऊन बघते तर लाल-हिरव्या आकड्यांचा, म्हणजे बाकी राहिलेल्या कार्डांचा, हा ढीग. ॲपला लग्नसराई समजत नाही. सेटिंगमध्ये जाऊन नवीन कार्डं ८-१० वर आणा, ढीग साचला तर नवीन शून्य करा आणि आधी जुनं उपसा. हे सेटिंग पण कुठेतरी आत लपवलंय, पहिल्यांदा सापडायला वेळ लागतो. आजी शेजारी बसून बघायची आणि विचारायची, हाई काय शे वं माय? तिला वाटायचं मी पत्ते खेळतेय.

फायदा किती झाला तर सगळ्यात जास्त रीडिंगला. ६० मिनिटांत तीन पॅसेज आणि ४० प्रश्न असतात, तिथे प्रत्येक ओळीत अडखळलं की तिसरा पॅसेज राहूनच जातो, ते अडखळणं थांबलं. रायटिंगला मध्यम. टास्क वनमध्ये ग्राफचं वर्णन लिहायचं असतं, त्यात फ्लक्च्युएट, डिक्लाइन, प्रोपोर्शन, ट्रेंड हे सगळे यादीतलेच शब्द लागतात त्यामुळे १५० शब्द पटकन होतात, पण टास्क टूचे २५० शब्द लिहायला मुद्दा लागतो, तो कुठल्या कार्डवर नसतो. आणि हे पण लक्षात घ्या की रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला मार्क २५ टक्केच आहेत, बाकी ७५ टक्के ग्रामर, मांडणी आणि प्रश्नाला धरून लिहिणं.

स्पीकिंगला जवळपास शून्य फायदा. ११ ते १४ मिनिटं समोरासमोर बोलायचं असतं, गाव, शिक्षण, आवडीनिवडी, तिथे भरताच्या वांग्यांबद्दल सांगताना नॉटविथस्टँडिंग घुसवलं तर समोरच्यालाच घाम फुटेल. त्यासाठी मी मैत्रिणीसोबत रोज जेवणानंतर गच्चीवर इंग्लिशमध्ये बडबड केली, ती फुकटची प्रॅक्टिस जास्त कामी आली.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या एका क्लासने वाटलेली शब्दांची झेरॉक्स. नाव नाही घेत. प्लेथोरा, मिरियड, क्विंटेसेन्शियल असले भारदस्त शब्द, आणि सर सांगायचे प्रत्येक निबंधात यातले पाच तरी आलेच पाहिजेत. बँड सातच्या (नऊपैकी सात गुणांच्या) अधिकृत निकषांत कमी वापरातले शब्द आहेत हे खरं, पण त्याच निकषांत स्टाइल आणि कोणता शब्द कोणासोबत शोभतो याची जाणही मागितलीय, ते झेरॉक्समध्ये आलंच नाही. परीक्षेची फी १५ हजारांच्या वर, एकेका पोराचा बाप केळीचे पैसे आल्यावर ती भरतो, आणि त्या पोराकडून प्लेथोरा पाठ करून घ्यायचा.

ज्यांना वाचताना शब्द अडतात आणि हातात तीन-चार महिने आहेत त्यांनी डोळे झाकून घ्या. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर नका लागू, कार्डं बनवण्यातच दिवस जातील, त्यापेक्षा जुने पेपर सोडवा. माझा डेक मागणारे मेसेज येतीलच, द्यायला हरकत नाही पण त्यात निम्मी वाक्यं गोळ्या-औषधांची आहेत, तुमच्या विषयाची वाक्यं टाकून घ्या. आयफोनवाल्यांना ॲप विकत घ्यावं लागतं, नसेल घ्यायचं तर कॉम्प्युटरवर फुकट आहे, तिथे मोठ्या कीबोर्डवर कार्डं पण भरभर होतात.