ड्यूक, यूएनसी की एनसी स्टेट : कॉलेज बास्केटबॉलची पहिली मॅच बघायला कुठे जायचं?

थंडी सुरू झाली की रॅलीजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिलमधल्या आपल्या मराठी मंडळींत हा प्रश्न ठरलेला, नॉर्थ कॅरोलायनात येऊन चार वर्षं झाली, एकदा तरी कॉलेजची मॅच बघायचीय, ड्यूक, यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) की एनसी स्टेट, या इथल्या तीन विद्यापीठांपैकी कुठे जाऊ? आणि उत्तर देणारा ज्या टीमचा फॅन असतो तिकडेच पाठवतो. टीम दरवर्षी बदलते हो, चांगली पोरं एका वर्षात एनबीएला, म्हणजे व्यावसायिक लीगला निघून जातात, त्यामुळे मी सांगेन मैदान बघून ठरवा.

ड्यूकचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० सालचं, जेमतेम ९,३१४ लोकांचं. बाहेरून तर जुनी दगडी लायब्ररी वाटते. पण खरी गोष्ट आत आहे, बाराशेच्या आसपास विद्यार्थी अगदी कोर्टाला लागून उभे, पूर्ण मॅच उभे, तोंडाला निळा रंग फासून. आपल्याकडे गल्लीतल्या कबड्डी स्पर्धेला पोरं रेषेला चिकटून बसतात ना, तसंच. समोरचा प्लेयर बाजूने बॉल आत टाकायला आला की त्याच्या पाठीमागे शंभर हात वळवळत असतात. २००३ ला यूएनसीचा जॅकी मॅन्युएल फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) मारायला उभा राहिला तर समोर गर्दीत एक पोरगा नुसत्या स्विमिंगच्या चड्डीवर नाचायला लागला, दोन्ही थ्रो हुकले.

आता हे सगळं टीमच्या खरंच कामाला येतं का? २०२०-२१ मध्ये कोविडमुळे कॅमेरून रिकामं होतं, त्या सीझनला ड्यूक १३ विजय, ११ पराभवांवर अडकलं आणि १९९५ नंतर पहिल्यांदा एनसीएए टूर्नामेंटला, म्हणजे सीझनअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेला मुकलं. टीमही कच्ची होती म्हणा, सगळं खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडता येणार नाही. आणि भरलेल्या कॅमेरूनमध्येही २०१९ ला स्टीफन एफ. ऑस्टिनसारखी छोटी टीम येऊन ८५-८३ ने जिंकून गेलीच की. पण रेफरीसुद्धा माणूसच, कानाशी एवढा आरडाओरडा चालू असताना शिट्टी कुणाच्या बाजूने वाजणार याचा थोडा तरी फरक पडतोच असं मला वाटतं.

अडचण एकच, तिकीट. ड्यूक-यूएनसी मॅचसाठी तिथली पोरं जानेवारीच्या थंडीत आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात, ही प्रथा १९८६ पासूनची, तिथे आपण कुठे लागणार.

दहा-बारा मैलांवर चॅपल हिलमध्ये यूएनसीचं डीन स्मिथ सेंटर, लोक डीन डोमच म्हणतात. १९८६ ला उघडलं ते ड्यूकलाच हरवून, ९५-९२. बसायला २१,७५० जागा, म्हणजे कॅमेरूनच्या दुपटीहून जास्त, पण बांधलं देणगीदारांच्या पैशातून, त्यामुळे खालच्या चांगल्या खुर्च्या त्यांच्या, आणि ही मंडळी वयाने मोठी, शांत बसून बघणारी. फ्लोरिडा स्टेटचा प्लेयर सॅम कॅसेल याने १९९१ मध्ये इथे जिंकल्यावर या पब्लिकला वाइन-चीजवाली, म्हणजे मॅचला नाही तर पार्टीला आल्यासारखी, म्हणून हिणवलं होतं ते अजून चिकटलंय. नंतर बास्केटमागे विद्यार्थ्यांना उभं राहायला जागा केली, फरक पडला, तरी छत एवढं उंच की आवाज वरच विरतो. ड्यूक आलं की मात्र हाच डोम दणाणतो, तेव्हा वाइन-चीजवालेही उभे.

(वर टांगलेल्या मायकल जॉर्डनच्या २३ नंबरच्या जर्सीखाली सगळे फोटो काढतात, पण तो इथे कॉलेजची एकही होम मॅच खेळलेला नाही, १९८४ लाच गेला. त्याचं घरचं मैदान म्हणजे यूएनसीचंच जुनं कारमायकल.)

रॅलीचं एनसी स्टेट १९९९ पासून कॅम्पसबाहेरच्या मोठ्या अरेनात खेळतं, आता त्याचं नाव लेनोवो सेंटर. पार्किंग भरपूर, खुर्च्या आरामशीर, पण आइस हॉकीची टीम हरिकेन्सही तिथेच खेळते, लाकडी फ्लोअरखाली बर्फ असतो, स्वेटर न्याच. टीम हरत असेल तर अर्ध्या रिकाम्या खुर्च्या बघून आपल्यालाच वाईट वाटतं.

तर आईबाबा भारतातून आलेत, मुलं लहान आहेत, तर डीन डोम, नोव्हेंबर-डिसेंबरमधली एखाद्या छोट्या टीमविरुद्धची मॅच, तिकीट सहसा स्वस्त मिळतं, वरून लांबून दिसेल पण सगळं दिसेल. गाडी जवळ लावायचा नाद सोडा, बस धरा. ड्यूकमधल्या कुणी कॅमेरूनचं तिकीट देऊ केलं तर दुसरा विचार करू नका, ऑफिसची मीटिंग असली तरी.

पण मला विचाराल तर रेनॉल्ड्स कोलिझियम. एनसी स्टेटचं जुनं घर, १९४९ चं, १९७४ आणि १९८३ च्या चॅम्पियन टीम इथल्याच, आता साडेपाच हजारांच्या आसपास जागा. तिथे बायकांची टीम खेळते, आणि चांगली खेळते. तिकीट परवडतं, कोर्ट हाताशी, बूट फ्लोअरवर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. आमची मुलगी डीन डोममध्ये हाफटाइमला झोपली होती, इथे शेवटपर्यंत उभी होती.