वंशावळीच्या सेवेवर एकोणीस महिने: साडेएकवीस हजारांत काय मिळालं

आधी पैशाचं सांगतो, बहुतेकांना तेच हवं असतं. एप्रिल २०२४ मध्ये मी एका परदेशी वंशावळ-सेवेचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, म्हणजे साइटवर घराण्याचं झाड मांडायचं आणि जुन्या नोंदींत पूर्वज शोधायचे. सवलतीत ७,१४० रुपये. परकीय चलनातला व्यवहार म्हणून बँकेने वर साडेतीन टक्के लावले आणि त्या साडेतीन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे पडलं ७,४३५ ला. एप्रिल २०२५ मध्ये ते आपोआप रिन्यू झालं. सवलत गेली, १३,६५० झाले, बँकेचं धरून १४,२१४. एकूण २१,६४९. सेवेचं नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये.

रिन्यूअलमध्ये माझीही चूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कापणीला ओटीपी लागत नाही, फक्त चोवीस तास आधी मेसेज येतो. तो आला होता. मी अकाउंट्समध्ये काम करतो, एप्रिलचा पहिला आठवडा, इयर-एंडिंगची धांदल. दुसऱ्यांचे पैसे जुळवण्यात स्वतःचे गेले. रिफंड मागितला तर गोड भाषेत नकार आला. मग म्हटलं, गेलेत तर वापरून तरी घेऊ. हा अनुभव म्हणून एवढा लांबला.

आता हे खूळ डोक्यात कुठून आलं ते. आम्ही मूळचे साताऱ्याचे, पाटण तालुका, कोयनेच्या अंगाला. वडील, म्हणजे आबा, माथाडी, आधी मशीद बंदर, मग तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट. आम्ही कोपरखैरण्यात वाढलो. जानेवारी २०२४ ला आरक्षणाचा मोर्चा वाशीत येऊन थांबला तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या घराघरांत एकच विषय होता, कुणबी नोंद. प्रत्येकाला खापरपणजोबांचं नाव हवं होतं आणि कुणालाच ते येत नव्हतं. आबांना आजोबांपर्यंत सांगता आलं, त्यापुढे "थोरल्या घरचे" आणि "खालच्या आळीचे". एक गोष्ट मात्र ते नेहमी सांगायचे: त्यांच्या आजोबांचा मोठा भाऊ पलटणीत होता, बसऱ्याला (आताच्या इराकात) गेला, परत आला नाही. नाव? "धाकट्या आजोबांना ठाऊक असणार. ते गेले." दाखल्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, माझ्या डोक्यात हा बसऱ्याचा माणूस राहिला.

सेवा उघडली की पहिल्याच पानावर कळतं, ही आपल्यासाठी शिवलेली नाही. नावाला दोन चौकटी, नाव आणि आडनाव. आपल्याकडे मधल्या नावात बाप असतो. तीन माणसांची पूर्ण नावं लिहिली की चार पिढ्या आपसूक उभ्या राहतात. इथे मधलं नाव पहिल्या नावाला चिकटवायचं, मग शोधताना ते दोन्ही मिळून एकच नाव धरतं. देवनागरीत लिहिता येतं, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माणूस बदलतो. सगळ्यात फजिती बायकांची. माहेरचं आडनाव लिहायला जागा आहे, पण लग्नात नावच बदललं तर? माझी पणजी माहेरी एका नावाची, सासरी दुसऱ्या. मी तिला सासरच्या नावाने टाकलं, चुलतभावाने माहेरच्या, आणि वर्षभर आमच्या झाडावर पणजोबांना दोन बायका होत्या.

तरी सेवेचं खरं श्रेय इथेच आहे, ते नाकारणार नाही. कागदावर भावकीची वंशावळ काढतात तेव्हा बायका गाळतात. शपथपत्राच्या वंशावळीतही बाप, मुलगा, नातू अशी सरळ शिडी असते. हे सॉफ्टवेअर प्रत्येक माणसाला आई विचारतं आणि उत्तर येईपर्यंत ती चौकट रिकामी ठेवतं. त्या रिकाम्या चौकटी बघवेनात म्हणून मी घणसोलीच्या आत्याला फोन केला. आबांना जी नावं येत नव्हती ती आत्याला सगळी येत होती: कोण कुठल्या गावाहून दिली, कुणाची भाची कुणाच्या घरात आली, कोण बाळंतपणात गेली. एका दुपारी अकरा चौकटी भरल्या. आत्या शेवटी म्हणाली, "मला आजवर कुणी विचारलंच नाही." या एका दुपारचे सात हजार धरले तरी माझी तक्रार नाही. वहीत चौकटी आखल्या असत्या तर दोन रुपयांत झालं असतं, पण मी त्या आखल्या नसत्या.

पैसे ज्यासाठी घेतात ते म्हणजे नोंदी आणि हिंट्स (झाडातल्या नावाशी जुळेलसं काही साइट आपणहून सुचवते त्या), आणि तिथे आमच्या बाबतीत शून्य. झाडात पणजोबा टाकले आणि आठवड्यात हिंट आली की याच नावाचा माणूस १९२० च्या सुमारास लिव्हरपूलला बोटीतून उतरला. आमचे पणजोबा कराडच्या पलीकडे गेल्याचं कुणाला आठवत नाही, आणि गेले असतील तर बैलगाडीतून. अशा चाळीसेक हिंट्स मी बघितल्या. हा सेवेचा दोष म्हणता येत नाही. असल्या साइट्सकडचा मोठा साठा म्हणजे पाश्चात्त्य देशांतली जनगणना, चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं, बोटींच्या याद्या. भारतातलं जे आहे तेही बरंचसं गोऱ्या माणसांचं. फाइंडमायपास्ट या ब्रिटिश वंशावळ-साइटने २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी आणल्या, त्यात मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं आहेत. ज्याचे पणजोबा अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होते त्याच्यासाठी ती खाण आहे. पाटण तालुक्यातल्या कुळाचा बाप्तिस्मा कोण करणार?

पैसे वसूल झालेलं माणूसही मी पाहिलंय. आमच्या ऑफिसातल्या एक मॅडम ठाण्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग, तिथल्या. घरात अस्सल मराठी, आडनाव अलिबागकडच्या गावावरून. त्या मायहेरिटेज ही वंशावळ-सेवा वापरतात, ती कंपनीच मुळात इस्रायलची, २००३ ची. त्यांचे निम्मे नातेवाईक पन्नास-साठच्या दशकात इस्रायलला गेले आणि अश्दोद, दिमोना इथे स्थायिक झाले. त्या नातवंडांनी तिकडून आपापली झाडं टाकली होती. मॅडमनी इकडून आजीचं नाव टाकलं आणि तिसऱ्या दिवशी एक अनोळखी चुलतबहीण सापडली, आजीच्या लग्नाच्या फोटोसह. म्हणजे झाडाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी बसलेलं असावं लागतं. आमच्या पलीकडच्या टोकाला होती माझी आत्या, आणि ती घणसोलीत.

त्याच मॅडमनी डीएनए किट सुचवलं. मी विचार करतोय तोवर मार्च २०२५ मध्ये लाळेवरून डीएनए तपासणाऱ्या तेवीसअँडमीने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली आणि लोक आपली लाळ परत मागायला लागले. मायहेरिटेजच्याही नऊ कोटींवर खात्यांचे ईमेल आणि पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) २०१७ मध्ये बाहेर गेले होते, हे तेव्हाच वाचनात आलं. पासवर्ड बदलता येतो, लाळेचं काय करणार? तो खर्च वाचला.

आता फुकटातलं. फॅमिलीसर्च ही मॉर्मन चर्चची सेवा आहे आणि पूर्ण मोफत. त्यांच्या धर्मातच पूर्वज शोधणं बसतं, म्हणून जगभरच्या कागदांच्या चोवीस लाख मायक्रोफिल्म्स त्यांनी जमवल्या आणि २०२१ मध्ये सगळ्यांचं स्कॅनिंग संपवलं. त्यात हिंदू तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या, यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्याही आहेत हे बघून मी उडालोच. पण त्या हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा अशा उत्तरेकडच्या. आमची माणसं गेली ती पंढरपूरला, फार तर त्र्यंबकेश्वरला.

आणि मग बसऱ्याचा माणूस. तो सापडला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची ही यादी फुकट आहे, लॉगिनही नको. नावाने शोधलं तर काही हाती लागत नाही, कारण गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. नाव रिकामं ठेवायचं आणि अधिक माहितीच्या रकान्यात तालुका-जिल्हा इंग्रजीत टाकायचा. भारतीय शिपायांच्या बऱ्याच नोंदींत अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. पाटण आणि सातारा टाकल्यावर यादी आली, ती एक्सेलमध्ये उतरवून घेतली (हे माझं काम, इथे हात बसलेला) आणि गावाची नावं मोठ्याने वाचत गेलो. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. तिसऱ्या रात्री आमच्या गावाचं नाव ऐकू आलं. ११० वी मराठा पलटण, शिपाई. मृत्यू १९१६ च्या सप्टेंबरात. स्मारक बसऱ्याचं.

इराकातल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या उपाशी फौजेने शरणागती पत्करली, हे नंतर वाचलं. आमच्या माणसाची तारीख त्यानंतरची, म्हणजे बहुधा कैदेत गेला. बसऱ्याचं ते स्मारकही आता मूळ जागेवर नाही, सद्दामच्या काळात १९९७ मध्ये नासिरियाच्या रस्त्याला बत्तीस किलोमीटरवर हलवलं. शिवाय भारतीय शिपायांची नावं त्यावर कोरलेलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांचा आकडा, एवढंच.

पण हा आपलाच कशावरून? खरी मेहनत इथे लागली आणि इथे कुठलंच सबस्क्रिप्शन कामाचं नव्हतं. नोंदीत बापाचं नाव होतं. ते ताडून बघायला जुना फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) हवा आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे असे जुने कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर आले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांचे स्कॅनही चढले. मात्र मोडी लिपीत. मी आठवडाभर त्या अक्षरांकडे बघत बसलो, जणू कुणीतरी चिडवतंय. शेवटी मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी मिळाले, पानाला दोनशे रुपये, चौदा पानं, २,८००. पाटणच्या तीन फेऱ्या आबांसह, एसटी आणि जेवण धरून ३,९००. नकला आणि फी ३४०. आणि त्र्यंबकेश्वरची एक फेरी, उपाध्यायांच्या दक्षिणेसह २,३००. तिथे आमच्या गावाची वही निघाली आणि त्यात आबांच्या आजोबांच्या हातची नाही तरी त्यांच्यासाठी कुणीतरी लिहिलेली नोंद. एकूण ९,३४०.

फेरफारात पणजोबांचं नाव "बिन" लावून आलं, म्हणजे अमक्याचा मुलगा. गुरुजींनी बिनच्या पुढचा शब्द वाचला आणि मी फोनवर बसऱ्याची नोंद उघडून त्यांच्यासमोर धरली. तेच नाव. गुरुजी म्हणाले, "स्पेलिंग वाईट आहे, पण बाप एकच."

तर कुणी विचारलं, घ्यावं का, तर मी उलट दोन प्रश्न विचारतो. तुमचे नातेवाईक परदेशात आहेत का? तुमच्या घरातलं कुणी चर्च, बोट किंवा गोऱ्या साहेबाच्या दप्तरात लिहिलं गेलं असण्याची शक्यता आहे का? एकालाही होकार असेल तर महिन्याभराचं घ्या, वर्षाचं नको, आणि पैसे भरल्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल बंद करा. दोन्हींना नकार असेल तर फुकटातली जागा पुरते. मायहेरिटेजवर अडीचशे माणसांपर्यंत झाड फुकट होतं, आमची भावकी एकशे ऐंशीत संपली. फॅमिलीसर्चचं झाड मात्र सामायिक असतं, कुणीही येऊन तुमच्या मयत आजोबांची तारीख बदलू शकतं, हे धरून चाला. सेवा सोडण्याआधी झाड जेडकॉम (GEDCOM) या वंशावळीच्या प्रमाणित फाइलमध्ये उतरवून घ्या. ती वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मी ग्रॅम्प्समध्ये उघडली, ते सॉफ्टवेअर फुकट आहे. दिसायला ओबडधोबड, पण वर्षाला चौदा हजार मागत नाही.

माझं सबस्क्रिप्शन एप्रिल २०२६ पर्यंतचं, या वेळी रिन्यूअल बंद केल्याचा स्क्रीनशॉट ठेवलाय.

बसऱ्याच्या नोंदीची प्रिंट स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढली, दहा रुपये रंगीत. आबांनी ती दोनदा वाचायला लावली, मग म्हणाले, गावच्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी फरशी होती, इंग्रजीत काहीतरी कोरलेली, या गावातून इतके लढाईला गेले असं. त्या फरश्या सरकारने पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव बसवल्या होत्या. आमची चावडी १९६७ च्या डिसेंबरातल्या कोयनेच्या भूकंपात पडली आणि दगड ज्याला लागले त्याने नेले. आबांचं म्हणणं, ती फरशी एका घराच्या मोरीत पालथी घातलेली त्यांनी लहानपणी पाहिलीय. घर कुणाचं ते त्यांना आठवतं, पण त्या घराशी आमचं बोलणं नाही. चैत्रात यात्रेला जाऊ तेव्हा आत्याला पुढे करायचं ठरलंय.