धंतोलीतलं हॉस्पिटल: पाचापैकी चार

नाव लिहीत नाही, कारण शेवटी तक्रारही आहे. नागपूरच्या धंतोलीतलं आहे, म्हणजे पार्किंग नाही हे वेगळं सांगायला नको. ऑटोनेच या.

बाबा ७२ वर्षांचे, शुगरवाले, काटोलला असतात. लघवीला जळजळ होत होती म्हणून गावातल्या मेडिकलमधून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून खाल्ल्या. पाकिटावर लाल उभी रेघ असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. बाबांना वाटलं ते डिझाइन आहे. पाचव्या दिवशी थंडी वाजून १०३ ताप, बीपी खाली.

कॅज्युअल्टीत एक गोष्ट आवडली. सलाईन लागलं, पण अँटिबायोटिक सोडायच्या आधी सिस्टरने दोन्ही हातांतून रक्त काढून कल्चरच्या (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहायच्या तपासणीच्या) बाटल्या भरल्या, लघवीही पाठवली. पाच-दहा मिनिटांचं काम. आईच्या वेळी दुसरीकडे हे कोणीच केलं नव्हतं. मग मेरोपेनेम हे भारीतलं अँटिबायोटिक सुरू झालं. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.८, म्हणजे वाढलेलं आलं तसं आठ तासांवरचं इंजेक्शन बारा तासांवर नेलं.

तिसऱ्या दिवशी इन्फेक्शनच्या स्पेशालिस्ट मॅडम आल्या. व्हिजिटचे १२०० लागतील हे आधी कोणी सांगितलं नाही, बिलातच दिसलं. पण पैसे वसूल. कल्चरचा कागद माझ्यासमोर धरून पेनाने एकेक ओळ दाखवली: जंतू ई. कोलाय, आणि सेफ्ट्रायॅक्सोन या साध्या अँटिबायोटिकपुढे ‘एस’, म्हणजे लागू पडतं. मेरोपेनेम बंद, हे सुरू, दिवसातून एकदा, किडनीसाठी डोस कमी करायची गरज नाही. एकूण सात दिवस. मी म्हटलं, मॅडम, बरं वाटतंय तर भारीतलंच चालू द्या ना. त्या बाबांकडे वळल्या, “काका, कोणती कीड आहे ते न पाहता संत्र्यावर सगळ्यात जहाल औषध फवारता का?”

बाबा म्हणाले, “फवारतेत ना मॅडम, अर्धं काटोल फवारते.”

त्या हसल्या, पण ऑर्डर बदलूनच गेल्या. चौथ्या दिवशी ताप नव्हता. बाबांनी कॅन्टीनचे पोहे मागवले, तर्री नाही म्हणून परत केले.

एक स्टार कापला तो डिस्चार्जसाठी. सकाळी दहाला सुट्टी म्हणाले, बिल तीनला हातात. वर कार्डावर ‘सेफिक्झिम, पाच दिवस’ छापलेलं! सातव्या दिवसाचा डोस सकाळीच झाला होता, म्हणजे कोर्स संपला होता. मी काउंटरवर अडून बसलो. ड्यूटीवरच्या पोराने मॅडमना फोन लावला, दोन वेळा “हो मॅडम” म्हणाला आणि ओळीवर काट मारून सही केली. खालच्या मेडिकलवाल्याने तोवर गोळ्या पिशवीत भरून बिल फाडलं होतं. ते पैसे परत घ्यायला आणखी अर्धा तास गेला.