ब्रिटिश वंशावळीची वर्गणी: महिन्याची घ्या, वर्षाची नको

आधी निकाल सांगतो, मग पुराण. इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन घराण्याचे कागद इंटरनेटवर शोधायचे असतील तर वर्गणीवाली साइट एकाच महिन्यापुरती घ्या, आणि फुकटातलं सगळं खणून झाल्यावर घ्या. मी जी घेतली तिचं नाव लिहीत नाही. जाहिरातही नको आणि बदनामीही नको.

माझं अख्खं आयुष्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपात गेलं. तिथला माझा एक अँग्लो-इंडियन दोस्त आता भायखळ्याला राहतो, मी डोंबिवलीत. त्याच्या वडिलांचं मधलं नाव व्हर्डन, हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव. त्यामुळे घरात पक्का समज की कुणीतरी पणजी फ्रेंच होती. वडील इगतपुरीचे, आजोबा जीआयपी रेल्वेत (आताची मध्य रेल्वे) ड्रायव्हर, एवढीच माहिती. नातीला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा होता, म्हणून गडी माझ्या मागे लागला. "तू ते कॉम्प्युटरवर बघ ना रे, तुला जमतंय!"

फ्रेंच पणजीचा निकाल साइट उघडण्याआधीच लागला होता. ब्रिटिश लोकांना लढायांवरून पोरांची नावं ठेवायची जुनी खोड. १८५४ साली क्रिमियात अल्माची लढाई जिंकली, की पाठोपाठ मुली झाल्या अल्मा. १८५७च्या उठावानंतर जनरल हॅवलॉकवरून हॅवलॉक. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मॅफेकिंगचा वेढा मे १९००मध्ये उठला आणि पाळण्यांत सेनानींवरून बेडन, रेडव्हर्स, गावांवरून लेडीस्मिथ, चक्क प्रिटोरियासुद्धा झुलू लागली. १९१५ साली जर्मनांनी एडिथ कॅव्हेल या नर्सला ब्रुसेल्समध्ये गोळ्या घातल्या, तेव्हा मुलींना कॅव्हेल. आणि १९१६ साली व्हर्डन. गंमत अशी की ती लढाई फ्रेंच आणि जर्मन यांची, फेब्रुवारी ते डिसेंबर चाललेली. ब्रिटिश फौज तिथे लढलीच नाही, तरी पहिल्या महायुद्धावरून ठेवलेल्या नावांत हेच सगळ्यांत जास्त. हसू नका, आमच्या चाळीत बेचाळीस साली जन्मलेली एक क्रांती होतीच. तर मधलं नाव व्हर्डन म्हटलं की जन्म १९१६च्या आसपासचा धरायचा, शोध तिथूनच.

फुकटात काय मिळतं? इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून आहे. तिची सूची स्वयंसेवकांनी टाइप करून फ्रीबीएमडी या साइटवर ठेवलीय. सप्टेंबर १९११च्या तिमाहीपासून जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनावही येतं. पण आपला माणूस इगतपुरीचा, तो तिथे कसा सापडणार? हिंदुस्थानात चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन झालं की त्याची नक्कल लंडनला जायची. बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन इलाख्यांच्या त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फिबिस ही ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांवर काम करणारी संस्था. तिच्या शोधयादीला पैसे पडत नाहीत आणि रेल्वेवरची तिची माहितीपानं तर झकास. फॅमिलीसर्च या साइटवरही हिंदुस्थानातल्या बाप्तिस्म्यांची सूची फुकट आहे. जुनी स्पेलिंगं तेवढी ध्यानात ठेवा. ठाण्याचं टॅना, कल्याणचं कॅलियन आणि इगतपुरीचं एगतपुरा असतं.

पैसे मोजावे लागतात ते मूळ पानाच्या फोटोसाठी, आणि ते मोजावेत असं माझं मत. कारण साइटवर 'व्हर्डन' टाकलं तर शून्य. आडनाव आणि साल टाकून, पहिल्या नावाच्या जागी नुसता तारा (*) ठेवून बघितलं, तर टाइप करणाऱ्याने लिहिलं होतं 'व्हर्नन'. फोटो उघडला तर शाईत स्वच्छ 'डी'. शेजारच्या रकान्यात बापाचा धंदा: इंजिन ड्रायव्हर, जीआयपी. मुक्काम इगतपुरी. थळ घाटाच्या माथ्यावरचं ठिकाण, तिथे ड्रायव्हरांची वस्ती असणारच. मी कितीतरी वेळ ते पान मोठं करून बघत होतो.

आजोबांच्या लग्नाच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं आणि गाडी इंग्लंडला गेली. तिथे दर दहा वर्षांची शिरगणती. १९०१मध्ये आजोबा स्विंडनला, धंदा 'रेल्वे इंजिन स्टोकर', म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं १८४३पासूनचं वर्कशॉप, थोडक्यात त्यांचं परळ. पणजोबा तिथेच बॉयलरमेकर. १८६१च्या पानावर पणजोबा नऊ वर्षांचे, आणि त्यांच्या खाली धाकटी बहीण, वय ६, नाव अल्मा! म्हणजे खोड घराण्यातच होती.

पण खरे पैसे वसूल झाले ते १९११च्या पानावर. त्याआधीच्या शिरगणतीत गणनाधिकाऱ्याने वहीत उतरवलेली नक्कल आपल्याला दिसते. १९११ला घरच्या कर्त्याने स्वतः भरलेला फॉर्मच जपलेला आहे. पणजोबांचं अक्षर, पणजोबांची सही. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांबद्दल आणखी एक प्रश्न होता: किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली. त्यांनी लिहिलंय ९, ६, ३. दोस्ताला ते दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "घरात तर आम्हाला सहाच माहीत होते."

आता तक्रारी. एक, साइट आपण होऊन 'इशारे' (म्हणजे सुगावे) देते आणि इतर सभासदांची झाडं, म्हणजे त्यांनी काढलेले वंशवृक्ष, दाखवते. त्यांवर अजिबात विसंबू नका. एका झाडात आजोबा स्विंडन आणि कॅनडा अशा दोन ठिकाणी वारले होते. दोन, वर्गणी संपायच्या आधी आपण होऊन बंद केली नाही तर पुढे चालू राहते, आणि बंद करायचं बटण तीन पानं आत दडवलंय. तीन, १९२१नंतर शिरगणतीची वाटच खुंटते. यात साइटचा दोष नाही. १९३१ची शिरगणती १९४२च्या आगीत जळाली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९५१ची शंभर वर्षांच्या नियमाने २०५२मध्ये उघडेल. तोवर मी काही थांबत नाही.

वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती मंडळींना मात्र सांगेन, यात पैसे घालू नका. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा तुमच्या पूर्वजांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं खरं, पण तुमचे कागद आपापल्या चर्चमध्येच आधी बघा.

पाचपैकी साडेतीन तारे. एक पूर्ण तारा त्या झाडांसाठी आणि दडवलेल्या बटणासाठी कापला, अर्धा व्हर्ननसाठी.

विलायतेहून रेल्वेत भरती झालेल्यांचे करारनामे ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याच्या दप्तरात आहेत. आमच्या स्टोकरला किती पगारावर मुंबईला आणलं हे तिथे निघायला हरकत नाही. ते पान मला साइटवर मिळालं नाही, लायब्ररीकडेच मागणी करावी लागेल. दोस्त म्हणतो खर्च तो करील, इंग्रजी पत्र मी लिहायचं. नातीचा वंशवृक्ष शाळेत कधीच जमा झाला, शोध आता आम्हा दोघांचाच चाललाय.