सोलापूर ते न्हावाशेवा, टॉवेलचा पहिला कंटेनर आणि आमचा क्लिअरिंग एजंट : 5 पैकी साडेतीन

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे थोडे लूम आहेत, टेरी टॉवेल काढतो. इतकी वर्षं माल मुंबईच्या व्यापाऱ्याला द्यायचा आणि पुढं तो दुबईला पाठवायचा, या जुलैत म्हटलं एक कंटेनर आपणच पाठवून बघू. ओळखीतून एक क्लिअरिंग एजंट, म्हणजे कस्टम आणि बंदराची कामं करून देणारा माणूस मिळाला, नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारपण आहे आणि माणूस तसा वाईट नाही.

आधी चांगलं. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा अर्ज, भरायच्या आधी त्यांनी चेकलिस्ट पाठवली आणि त्यांच्या पोरानं फोन करून विचारलं, शेठ टॉवेलला लूप आहे ना, मग मालाचा कस्टम कोड 6302 91 कसा टाकला, टेरीचा 6302 60 येतो. आमच्या अकाउंटंटनं डोळे झाकून जुना कोड उचलला होता. तसंच गेलं असतं तर पुढं ड्रॉबॅकची, म्हणजे निर्यातीवर सरकारकडून परत मिळणाऱ्या कराची बोंब झाली असती, तर या एका फोनसाठी एक स्टार जास्त.

रिकामा कंटेनर पनवेलकडच्या यार्डातून थेट फॅक्टरीत आला. म्हणजे ट्रेलर साडेतीनशेच्या वर किलोमीटर रिकामा येणार, तेवढाच भरून परत जाणार आणि भाडं दोन्हीकडचं आपल्याच बोडक्यावर. आमच्या बिलात तर सोलापूर ते न्हावाशेवा ट्रेलरचं भाडं न्हावाशेवा ते जेबेल अली (दुबईचं बंदर) जहाजाच्या भाड्यापेक्षा जास्त निघालं, मी दोनदा कॅल्क्युलेटर मारला.

भरायच्या आधी ड्रायव्हर म्हणाला मालक आत जाऊन उभं राहा, आणि बाहेरून दार लावलं. आत मिट्ट काळोख. पण डाव्या कोपऱ्यात वर सुईएवढा उजेड दिसूलाला होता, म्हणजे भोक. पावसाळ्यात त्यातनं पाणी गेलं तर टॉवेल आहे की ओ, पिऊन घेणार सगळं. एजंटला फोटो टाकला तर त्यानं सरळ सांगितलं हा परत पाठवा, दुसरा देतो, आणि एक दिवसात दिलापण. त्यात आम्ही ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या, कारण समुद्रावर गरम-गार होऊन कंटेनरच्या छताला आतूनच घाम सुटतो.

20 फुटीत आतली जागा साधारण 33 घनमीटर, आपले खोके 28 च्या आसपासच बसतात. वजन फक्त सहा टन झालं. जहाजाचं भाडं डब्यावर असतं, वजनावर नाही, म्हणून टॉवेल दाबून पॅक करा. वजनाचा काटा मात्र लागतोच, 1 जुलै 2016 पासून माल आणि डबा धरून एकूण वजन जाहीर केल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. शेवटी दाराला ई-सील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सील, कट्ट करून लागलं आणि गाडी निघाली.

आता तक्रार. मी विचारलं कधी पाठवू, ऑफिसातून उत्तर आलं लवकर पाठवा शेठ, उशीर नको. आपल्या डोक्यात एसटी स्टँड, लवकर गेलं की जागा मिळते. तिथं तसलं काही नाही. प्रत्येक जहाजासाठी टर्मिनलचं गेट ठरावीक वेळी उघडतं आणि ठरावीक वेळी बंद होतं, त्या बंद व्हायच्या वेळेला कट-ऑफ म्हणतात, आणि जहाज लांबलं की दोन्ही पुढं सरकतं. आमचं जहाज लांबलं होतं. ऑफिसला ते माहीत होतं, आम्हाला कोणी सांगितलं नाही. गेट उघडलंच नव्हतं, म्हणून बिचारा ड्रायव्हर उरण रस्त्याकडच्या प्लॉटवर धो धो पावसात दोन दिवस पडून, आणि फोन केला की तिकडनं एकच, शेठ आज होईल. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पाच हजार आमच्या बिलात! भांडलो तेव्हा अर्धे कमी केले.

त्या भांडणासाठीच बॅलार्ड इस्टेटला त्यांच्या ऑफिसात गेलो होतो. बरोबर मिसेस होती. तिकडं बॅलार्ड पिअरला क्रूझ लागलेली, तिला वाटलं आपला कंटेनर यातच जाणार. नाही, माणसं मुंबई बंदरातनं आणि डबे खाडीपलीकडं न्हावाशेव्यातनं, 1989 ला ते बंदर सुरू झालं तेच मुंबईची गर्दी कमी करायला. क्रूझवाल्यांच्या बॅगांना टॅग लावूलाले होते, बोट कितीला सुटणार हे त्यातल्या पोराटोरांनापण माहीत. आणि इथं लाखोंचा माल पाठवणाऱ्याला गेट कधी उघडणार ते माहीत नाही.

बाकी रेट विचाराल तर मधला आहे. फक्त कोटेशन घेताना टर्मिनल हँडलिंग, सील, डॉक्युमेंट चार्ज सगळं धरून आकडा मागा, नाहीतर नंतर एकेक ओळ वाढत जाते. माल जेबेल अलीला कोरडा पोचला, पार्टीनं एक खोका उघडून व्हिडिओ पाठवला.

दिवाळीनंतरचा कंटेनर परत यांच्याकडंच दिलाय. यावेळी गेट उघडल्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय ट्रेलर एमआयडीसीतून हलणार नाही आणि तोवरचं हॉल्टिंग त्यांचं, हे मेलवर लिहून घेतलंय. पोरगं म्हणालं, शेठ तुम्ही आता शिकलात. म्हटलं अडीच हजार फी भरली की बाबा.