नोकरीचा होकार देण्याआधी कुलपतींची यादी पाहा: सिंबायोसिस, भारती विद्यापीठ आणि अशोका

खासगी विद्यापीठातली प्राध्यापकी स्वीकारताना लोक पगार विचारतात, आठवड्याचे तास विचारतात. आजवर कुलगुरू, म्हणजे विद्यापीठाचा रोजचा कारभार पाहणारे, कोण झाले आणि ते का गेले, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यांच्याही वर कुलपती असतात. सरकारी विद्यापीठात कुलपती म्हणजे बहुधा राज्यपाल. इथे मात्र ती खुर्ची संस्था काढणाऱ्यांच्या हातात असते.

पुण्याची दोन घराणी आधी पाहू. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहून सिंबायोसिस सुरू केली. २००२ मध्ये ती अभिमत विद्यापीठ (विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था) झाली. मुजुमदार कुलपती आणि कन्या विद्या येरवडेकर प्र-कुलपती, अशी घडी बसली. भारती विद्यापीठ त्याहून जुने, १९६४ चे. पतंगराव कदमांनी ते ऐन विशीत काढले, पुढे ते राज्यात मंत्री झाले. २०१८ मध्ये पतंगराव गेले, पण आधी बरीच वर्षे कुलगुरू राहिलेले त्यांचे बंधू शिवाजीराव कुलपती झाल्याने कारभार घरातच राहिला. पतंगरावांचे चिरंजीव विश्वजित आमदार आहेत.

अशोकाचे गणित वेगळे. हरियाणात सोनिपतला २०१४ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठामागे एक घर नाही, अनेक उद्योजक देणगीदार आहेत. पहिले कुलगुरू इतिहासकार रुद्रांशु मुखर्जी. २०१७ मध्ये सरकारवर टीका करणारे राज्यशास्त्रज्ञ प्रताप भानू मेहता आले, दोनच वर्षांत पायउतार झाले, पण प्राध्यापक म्हणून राहिले. मार्च २०२१ मध्ये ते प्राध्यापकपदही सोडताना त्यांनी लिहिले की, आपण संस्थेसाठी राजकीय ओझे ठरू शकतो हे संस्थापकांनी स्पष्ट केले. पाठोपाठ तिथलेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक अरविंद सुब्रमणियन यांनीही राजीनामा दिला. प्रक्रियेत काही त्रुटी राहिल्या, हे नंतर विद्यापीठाने मान्य केले. २०२३ मध्ये पुन्हा तेच: एका अर्थशास्त्रज्ञाचा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरचा शोधनिबंध गाजला, विद्यापीठाने हात झटकले, त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा मात्र सहकारी प्राध्यापक उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. ही गोष्ट मला राजीनाम्याइतकीच महत्त्वाची वाटते.

म्हणजे घराणे नसले की स्वातंत्र्य आपोआप मिळते, हा समज सोडावा. देणगीदारांनाही धंदा असतो आणि सरकारशी संबंध ठेवावे लागतात.

व्यवस्थापन, कायदा, नर्सिंग, औषधनिर्माण शिकवायचे असेल तर मी पुण्याला झुकते माप देईन. मालक कोण हे तिथे ठाऊक असते आणि कुलगुरू बदलला तरी धोरण सहसा उलटत नाही. निवडणुका, जात, सत्ता यांवर लिहायचे असेल तर अशोका, कारण भांडायला तयार सहकारी तिथे दिसले आहेत. पण घराचे कर्ज डोक्यावर असेल तर जपून.

कुठेही गेलात तरी मुलाखतीत एक विचारा: आधीच्या कुलगुरूंनी मुदत पूर्ण केली का, आणि नव्यांची निवड करणाऱ्या समितीत संस्थापकांबाहेरचे किती होते?