इंटरनेट जोडून दिलं आणि तासही पळवले

२००० साली ठाण्यात आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा इंटरनेट तासांवर विकत मिळायचं. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली, नोव्हेंबर १९९८मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि मग कॉम्प्युटरच्या दुकानांत सीडी आणि लॉगिनची पाकिटं लटकायला लागली. आम्ही शंभर तासांचं घेतलं. तासांचे पैसे वेगळे आणि टेलिफोनचं बिल वेगळं, कारण मोडेम फोन लावणार तो आपल्याच लाइनवरून, आणि दर तीन मिनिटांना लोकल कॉलचं एक युनिट पडणार. असे दोन मीटर एकाच वेळी पळायचे. पुढे चोरी उघडकीला आली ती या दोन मीटरांचा मेळ बसेना म्हणून.

मशीन असेंबल्ड होतं. सुटे भाग मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजाराचे, जोडणी ठाण्यातल्याच एका दुकानात. मॉनिटर, यूपीएस, मोडेम यांच्याखाली बिलात एक ओळ होती, ‘इंटरनेट चालू करून देणे’, आणि तिचे वेगळे पैसे लावले होते. त्या कामाला जो मुलगा आला तो हुशार आणि गोड बोलणारा. विंडोज ९८ मधलं डायल-अप नेटवर्किंग उघडलं, १७२ने सुरू होणारा नंबर टाकला, पाकिटातलं लॉगिन आणि पासवर्ड भरला आणि ‘सेव्ह पासवर्ड’च्या चौकोनात टिक केली. “काका, आता काही लिहायलाच नको. नुसतं कनेक्ट दाबायचं.” मग खिशातली छोटी डायरी काढून त्याने लॉगिन-पासवर्ड उतरवून घेतले. बाबांनी विचारलं, “हे कशाला?” तर म्हणाला, “फॉरमॅट मारायची वेळ आली तर परत टाकायला लागतं. सगळ्यांचंच ठेवतो आम्ही.” सगळ्यांचंच ठेवायचे, हे मात्र शंभर टक्के खरं निघालं.

डायरी नसती तरी त्याचं काही अडलं नसतं. ‘सेव्ह पासवर्ड’च्या त्या टिकेमुळे पासवर्ड मशीनमध्येच पीडब्ल्यूएल नावाच्या, पासवर्ड साठवणाऱ्या फाईलमध्ये जाऊन बसायचा, आणि तिचं कुलूप अगदीच कच्चं होतं. पासवर्डच्या जागी दिसणाऱ्या चांदण्यांमागची (***) अक्षरं दाखवणारे फुकटचे छोटे प्रोग्रॅम तेव्हा फ्लॉपीवरून हातोहात फिरायचे. मशीन दुरुस्तीला दुकानात गेलं की संध्याकाळपर्यंत पासवर्ड दुकानाचा.

पहिले काही आठवडे सगळं सुरळीत होतं. मग रात्री कनेक्ट केलं की ६९१ नंबरची एरर यायला लागली, लॉगिन किंवा पासवर्ड चुकीचा आहे म्हणून. पासवर्ड तोच, आणि तासाभराने तोच चालायचा. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, “लाइनी बिझी असतात काका.” आता लाइन बिझी असेल तर एरर वेगळी येते, हे आम्हाला तेव्हा कुठून माहीत असणार! खरी गोष्ट अशी होती की आमच्या लॉगिनवर दुसरं कोणीतरी आधीच बसलेलं असायचं आणि कंपनीचा सर्व्हर दुसऱ्याला आत घेत नव्हता.

गणपतीला आम्ही कोकणात गेलो. घराला कुलूप, यूपीएसचा प्लग काढलेला. परत आल्यावर तास बघतो तर भराभर खाली आलेले. कंपनीच्या साइटवर आपण किती वाजता आत आलो, किती वेळ होतो, याची यादी दिसायची. तीत आमच्या कुलूपबंद घराच्या काळातल्या रात्रीच्या बाराच्या, दोनच्या नोंदी होत्या. तेवढ्यात टेलिफोनचं बिल आलं, आणि ते होतं नेहमीपेक्षा कमी. बाबा बँकेत होते. दोन कागद शेजारी ठेवून ताळा करणं हा त्यांचा हातचा मळ. ते म्हणाले, “तास आपले जातायत आणि युनिटं दुसऱ्याच्या फोनवर पडतायत.”

कंपनीत फोन केला तर त्यांनी हात वर केले. वापर तुमच्या लॉगिनने झालाय, पासवर्ड सांभाळणं तुमच्याकडे. कुठल्या नंबरवरून लागलं ते पोलिसांनी मागितलं तरच देऊ. चौकीत गेलो. हवालदारांनी विचारलं, काय गेलंय? तास गेलेत म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसणं सोपं आहे, पण वस्तू जागेवर आणि चोरी झाली, हे तेव्हा कायद्यालाही नवीन होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा संसदेत संमत झाला होता, पण अंमलात आला १७ ऑक्टोबर २०००ला, आणि आमची खेप त्याच्या आधीची. बाबांनी सोबत एक कात्रण नेलं होतं. दिल्लीत त्याच वर्षी मे महिन्यात एका कर्नलसाहेबांचे इंटरनेटचे तास चोरीला गेल्याचा गुन्हा दाखल झाला होता, तोही जुन्या दंड विधानातल्या चोरीच्या ३७९ कलमाखाली. तिथेही घरी येऊन कनेक्शन चालू करून देणाऱ्या इंजिनिअरवरच ठपका होता. कात्रण पाहून हवालदार म्हणाले, “ठेवून जा, साहेबांना दाखवतो.”

गाठ सुटली ती कळव्यात. बाबांच्या बँकेतल्या एकांनी त्याच दुकानातून मशीन घेतलं होतं, आणि ते मोठ्या कौतुकाने सांगत होते की दुकानदाराने दोन महिने इंटरनेट फुकट दिलं. आम्ही ‘बघायला’ म्हणून गेलो. त्यांनी कनेक्शनच्या चित्रावर डबल क्लिक केलं, चौकट उघडली, आणि यूझर नेमच्या रकान्यात आमचं आडनाव, पुढे बाबांची आद्याक्षरं. खाली चांदण्या. ते बिचारे म्हणाले, “आम्हाला वाटलं हे कंपनीचंच काहीतरी नाव असतं.” त्यांचा यात काही दोष नव्हता. ते आमचे तास फुकट समजून वापरत होते आणि टेलिफोनचं बिल मात्र इमानदारीत भरत होते.

कनेक्ट दाबायच्या आधीची ती चौकट त्यांनी प्रिंट करून दिली. ती घेऊन बाबा दुकानात गेले. मालक आधी म्हणाला मुलगा सोडून गेला. मग म्हणाला, “काका, तास काय वस्तू आहे का चोरायला?” बाबांनी बिलातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मग याचे पैसे कशाचे घेतलेत?” दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्याचा फायदा झाला. शंभर तासांचं नवं पाकीट मिळालं. रोख काही द्यायला तो तयार होईना. त्या पाकिटाचा पासवर्ड आम्ही दुकानातून बाहेर पडल्यावरच पाहिला आणि घरी येऊन लगेच बदलला.

कायदा आता बराच पुढे गेला आहे. २०००च्याच कायद्याच्या ४३व्या कलमात, कॉम्प्युटरशी छेडछाड करून आपल्या वापराचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याचा वेगळा उल्लेख आहे. नंतरच्या दुरुस्तीने ६६ क (इंग्रजीत 66C) हे कलम आलं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण जोडून देणारा मुलगा तसाच आहे, फक्त डायरीच्या जागी त्याचा मोबाइल आला. राउटर बसवणारा वायफायचा पासवर्ड स्वतः ठरवतो आणि त्याचा फोटो काढून नेतो. तो जिना उतरायच्या आत वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, असे दोन्ही पासवर्ड बदला. सिम घेताना “अंगठा लागला नाही, परत ठेवा” असं कोणी म्हणालं तर त्या दुसऱ्या अंगठ्यावर आपल्या नावाने आणखी एक सिम निघालं असू शकतं, म्हणून घरी येऊन सरकारच्या ‘संचार साथी’ साइटवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते बघा. तिथे अनोळखी नंबरची तक्रारही करता येते. पैसेच गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा.

गेल्या वर्षी मावशीने नवा फोन घेतला. दुकानातल्या पोराने जीमेल काढून दिलं, यूपीआय चालू करून दिलं, सगळं अगदी प्रेमाने. मी सहज सेटिंग उघडून पाहिलं तर खात्याच्या रिकव्हरीला नंबर त्या पोराचा. “मावशीला ओटीपी कळत नाही म्हणून टाकला,” असं त्याचं म्हणणं. नंबर आम्ही तिथल्या तिथे काढला, पासवर्ड बदलला, दुसऱ्या कुठल्या फोनवर खातं उघडं आहे का तेही पाहिलं. यातली एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: रिकव्हरीचा नंबर बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवायची सोय ठेवू शकतं. म्हणून तो आठवडा सरेपर्यंत मावशीला बँकेत ते ईमेल खातं जोडू दिलं नाही.